पायी नर्मदा परिक्रमेची आखणी: ऋतू, पाय, ओझं आणि खाडीची नाव

नर्मदा परिक्रमा म्हणजे नदी कुठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी चालत तिला घातलेली पूर्ण प्रदक्षिणा. ती पायी करताना अर्ध्यावर सोडून परत येणाऱ्यांची श्रद्धा कमी पडलेली नसते. पाठीवर बारा किलोची सॅक, पायात कोरे बूट आणि खिशात परतीचं आधीच काढलेलं तिकीट, यांपैकी एक गोष्ट बहुतेक वेळा सापडतेच. काही जण चालणं पूर्ण करतात, पण वाटेत एखाद्या पुलावरून किंवा बेटावर जाताना नकळत नदी ओलांडून बसतात आणि चूक महिन्यानंतर कळते.

दोन्हींचं मूळ तयारीच्या क्रमात आहे. आपल्याकडे आधी खरेदी होते, मग रजा, मग बुकिंग, आणि पायांचा विचार शेवटच्या पंधरवड्यात. क्रम असा हवा: आधी नकाशा, मग ऋतू आणि सुरुवातीची जागा, मग रजा, मग पाय, आणि सामान सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: नदी डोक्यात बसवा

नर्मदा मध्य प्रदेशात अमरकंटकला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०५७ मीटर उंचीवर उगम पावते आणि विंध्य-सातपुड्याच्या मधल्या खचदरीतून पश्चिमेला वाहत भरूचपुढे खंभातच्या आखाताला मिळते. लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून २,६०० किलोमीटरच्या वर होतात आणि धरणांचे, डोंगरांचे वळसे धरले की चालणं ३,००० किलोमीटरच्या पुढे जातं.

नियम एकच पक्का लक्षात ठेवा: नदी कायम उजव्या हाताला. म्हणून दक्षिण तटावर तोंड पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे, आणि उत्तर तटावर तोंड पूर्वेला, म्हणजे अमरकंटककडे. रस्ता चुकल्यासारखं वाटलं की आधी तट कोणता ते आठवायचं आणि सकाळच्या सूर्याकडे पाहायचं. दक्षिण तटावर सूर्य पाठीशी असायला हवा, उत्तर तटावर समोर. नदीचं एखादं वळण थोडा वेळ दिशा फिरवतं, पण दिवसभराचा कल हाच राहतो.

उपनद्या ओलांडायला हरकत नाही. तवा, शक्कर, दुधी, हिरण, ओरसंग अशा कितीतरी ओलांडाव्याच लागतात. ओलांडायची नाही ती फक्त नर्मदा.

आता नकाशावर धरणं पेन्सिलीने नोंदवा: जबलपूरच्या वर बरगी, खंडवा जिल्ह्यात पुनासाला इंदिरा सागर, त्याखाली ओंकारेश्वर आणि गुजरातेत सरदार सरोवर. या चारही जलाशयांमुळे काठाची जुनी वाट पाण्याखाली गेली आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेले असतात आणि आपण चालतो ते नेमके त्याच दिवसांत. त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वर्णनातली गावांची यादी घेऊन निघालेला माणूस अनेक ठिकाणी पाण्याशी येऊन थांबतो.

तपासा: कागदावर नदीची आडवी रेघ काढून, न बघता, ओंकारेश्वर, महेश्वर, गरुडेश्वर, भरूच, नेमावर, नर्मदापुरम, जबलपूर ही गावं योग्य तटावर मांडता येतात का? महेश्वर, गरुडेश्वर, भरूच, नेमावर आणि जबलपूर उत्तरेला, नर्मदापुरम दक्षिणेला. ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंग बेटावर आणि ममलेश्वर दक्षिण तटावर आहे. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कुठून आणि कधी

परिक्रमा कुठूनही उचलता येते. जिथून उचलली तिथेच पूर्ण करायची. महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण ओंकारेश्वर निवडतात, कारण खंडवा हे मुंबई-भुसावळ-इटारसी रेल्वेमार्गावर आहे आणि तिथून ओंकारेश्वर साधारण सत्तर किलोमीटर.

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणून सुरुवात कार्तिकी एकादशीनंतर होते. काही जण दसऱ्यानंतर लगेच निघतात, पण तेव्हा उपनद्यांना पाणी जास्त असतं आणि काठावर चिखल असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने कार्तिकीचा मुहूर्त धरावा हे बरं.

रोज सरासरी २२ किलोमीटर आणि आठवड्याला एक विश्रांती धरली, तर ओंकारेश्वरहून नोव्हेंबरच्या मध्याला निघालेला माणूस डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात समुद्राशी पोहोचतो. जानेवारीच्या उत्तरार्धात तो ओंकारेश्वरच्या समोरच्या, म्हणजे उत्तर तटावर येतो, मार्चच्या सुरुवातीला अमरकंटकला, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात परत ओंकारेश्वरला. हे वेळापत्रक ऋतूला धरून आहे. शूलपाणीची, म्हणजे बडवानीपुढच्या सातपुड्यातल्या जंगलपट्ट्याची, चढउतार थंडीत होते आणि अमरकंटकच्या माथ्यावर आपण कडाक्याचा गारठा ओसरल्यावर पोहोचतो. अडचण शेवटच्या महिन्याची. हरदा ते खंडवा पट्ट्यात एप्रिलचं ऊन चाळीशी गाठतं.

म्हणून हिशेब उलटा करायचा: एप्रिल अखेरीला संपवायचं तर मधे किती दिवस वाया घालवणं परवडेल? साडेपाच महिने हाताशी असतील तर जेमतेम आठवडाभर आजारपण, पाऊस, नावेची वाट पाहणं यांना देता येतो. चारच महिने असतील तर रोज तीस किलोमीटर चालावं लागेल आणि ते बहुतेकांच्या गुडघ्यांना झेपत नाही. अशा वेळी परिक्रमा खंडांत, दरवर्षी एक तुकडा अशी करणं हाच शहाणपणाचा मार्ग.

सावधान: परतीचं तिकीट आधी काढू नका. तारीख ठरली की माणूस ताप अंगात घेऊन चालतो.

## टप्पा ३: कागद आणि पैसे

आधार कार्डाची मूळ प्रत आणि चार झेरॉक्स, सहा पासपोर्ट फोटो, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर लिहिलेला जाड कागद. ओंकारेश्वरला नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते घ्याच. पुढच्या गावांत, आश्रमांत त्यावर शिक्के घेत जायचे. मुक्कामाच्या ठिकाणी ओळख पटवायला त्याचा उपयोग होतो. आपल्या पोलीस ठाण्याचा चारित्र्य दाखला सोबत असेल तर एकट्या माणसाला जास्त सोयीचं.

पैसे थोडे लागतात, पण रोख लागतात. दहा-वीस-पन्नासच्या नोटा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाइलवरून पैसे देणं मोठ्या गावांत चालतं. डोंगरात रेंजच नसते.

## टप्पा ४: बारा आठवडे पायांसाठी

रोज सकाळी बागेत पाच किलोमीटर चालणारा माणूस स्वतःला तयार समजतो. एका दिवसाच्या चालण्याने काहीच कळत नाही. थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस किलोमीटर चालावं लागतं, तेव्हा टाच, पोटरी आणि गुडघा खरं काय ते सांगतात.

पहिले तीन आठवडे रोज सहा किलोमीटर, ओझ्याशिवाय. पुढचे तीन आठवडे आठ ते दहा, पाठीवर तीन किलो. सातव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार लागोपाठ अठरा ते वीस किलोमीटर, पाच किलो घेऊन. इतर दिवशी हलकं. दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस, पूर्ण ओझं घेऊन. बाराव्यात चालणं अर्ध्यावर आणा. सरावात डांबरी रस्ता, शेताचा बांध आणि एखाद्या घाटाचा उतार तिन्ही हवेत. गुडघे चढणीपेक्षा उतरणीवर जातात, आणि शूलपाणीत उतार भरपूर आहेत.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. महिनाभर चालल्यावर पाऊल सुजून पसरतं. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा राहायला हवी. एका जोडाचा तळ आठशे ते हजार किलोमीटरमध्ये झिजतो, म्हणजे एकूण तीन-चार जोड लागतात. ते सगळे पाठीवर न्यायचे नाहीत. घरीच प्रत्येक जोड पन्नास-साठ किलोमीटर वापरून रुळवून घ्या आणि घरच्यांना भरूच, जबलपूरसारख्या गावी कुरिअर करायला सांगून ठेवा.

निघण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, ईसीजी आणि दातही तपासून घ्या. दातदुखीने जंगलपट्ट्यात माणूस हतबल होतो. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही पाहा.

तपासा: लागोपाठ तीन दिवस पूर्ण ओझ्यासह वीस-वीस किलोमीटर चालून चौथ्या दिवशी सकाळी जिना सहज उतरता येतो का? येत नसेल तर महिनाभर थांबा.

## टप्पा ५: ओझं

साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाने सात-साडेसात किलोच्या वर जाऊ नये, त्यात पाणीही आलं. वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून लिहून काढा:

- रिकामी सॅक: १ किलो
- पांघरूण किंवा हलकी स्लीपिंग बॅग: १.२ किलो
- घडीची चटई: ३०० ग्रॅम
- दोन जोड पांढरे कपडे, स्वेटर, कानटोपी, तीन जोड मोजे: १.२ किलो
- ताट, वाटी, लहान तांब्या: ४०० ग्रॅम
- औषधं: ४०० ग्रॅम
- फोन, चार्जर, पॉवर बँक, टॉर्च: ५०० ग्रॅम
- पूजेचं साहित्य आणि जलाची कुपी: ४०० ग्रॅम
- पावसाचं प्लास्टिक: ३०० ग्रॅम

हे होतात ५.७ किलो. त्यात एक लिटर पाणी आणि अर्धा किलो चणे, खजूर, गूळ. झालं सव्वासात.

स्टोव्ह नेऊ नका. काही आश्रमांत शिजवलेलं जेवण न देता सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा देतात, पण तिथे चूल आणि भांडी सहसा मिळतात. जाड पोथी नेऊ नका. औषधांच्या पूर्ण पाकिटांऐवजी मोजक्या गोळ्या न्या, पण नाव आणि मुदत दिसेल इतकी पट्टी कापा. कायमच्या गोळ्या मात्र महिनाभराच्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. बायकांनी सॅनिटरी पॅड आणि वापरलेले ठेवायला काळी पिशवी घ्यावी. शूलपाणी आणि पिपरीच्या जंगलपट्ट्यात दुकान मिळत नाही. त्या दिवसांत चालायचं की थांबायचं हे स्वतः ठरवा, मात्र काही आश्रम याबाबत नियम पाळतात, म्हणून दर महिन्याला दोन-तीन दिवस हिशेबात धरून ठेवा.

पॉलिथिनची एक मोठी जाड पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला. वरचं कव्हर पावसात आणि नावेत पुरत नाही.

## टप्पा ६: संकल्पाचा दिवस

ओंकारेश्वरला क्रम महत्त्वाचा. आधी बेटावर जाऊन ओंकारेश्वराचं दर्शन घ्या, मग दक्षिण तटावर परत या, ममलेश्वराचं दर्शन आणि मग गोमुख घाटावर संकल्प. संकल्पानंतर बेटावर जायचं नाही, कारण तिथे जाणं म्हणजे नर्मदेची धार ओलांडणं. संकल्प करून दर्शनाला पुलावर निघालेले लोक दरवर्षी दिसतात आणि त्यांना पुन्हा संकल्प करावा लागतो.

मुंडन, पूजा, कन्यापूजन, कढईचा म्हणजे शिऱ्याचा प्रसाद असा विधी असतो. दक्षिणा आणि साहित्याचा खर्च गुरुजींशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. कुपीत नर्मदाजल घ्या, काठोकाठ भरू नका. झाकण घट्ट लावून वर धागा गुंडाळा. ही कुपी शेवटपर्यंत सोबत राहते.

त्या दिवशी पाच-सात किलोमीटरच चाला. विधीत दुपार झालेली असते, आणि पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर गाठायच्या हट्टात सगळ्यात जास्त फोड येतात.

## टप्पा ७: रोजचा दिवस

उजाडताना निघा, अकरापर्यंत बारा-चौदा किलोमीटर, मग भोजन आणि दोन तास सावली, आणि उरलेलं साडेचारपर्यंत. अंधार पडल्यावर चालायचं नाही. चार वाजता पोहोचलात तर आसन लागतं, कपडे वाळतात, स्नान होतं. सात वाजता पोहोचलात तर यांपैकी काहीच नीट होत नाही.

वाटेवरची भाषा समजून घ्या. ‘कितनी मूर्ति?’ म्हणजे किती जण आहात. ‘आसन लगाओ’ म्हणजे मुक्काम करा. ‘बालभोग’ म्हणजे न्याहारी. पुरुषाला बाबाजी, बाईला माताराम म्हणतात. अभिवादनाला आणि निरोपाला ‘नर्मदे हर’. आश्रमात शिरल्यावर आधी नर्मदे हर म्हणा, किती मूर्ती आहात ते सांगा आणि जागा दाखवेपर्यंत सॅक उतरवू नका. जेवल्यावर आपलं ताट आपणच घासायचं, निघताना जागा झाडायची. गावकरी स्वतःच्या शिध्यातून देतात, म्हणून मागून आणि निवडून खाऊ नये.

पायांची निगा. कुठे चुरचुरलं की तिथेच थांबा, मोजा काढा, ती जागा कोरडी करून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावी बघू’ म्हणत काढलेले चार किलोमीटर नंतर चार दिवस घेतात. फोड आलाच तर सुई ज्योतीत तापवून, गार करून, कडेने दोन ठिकाणी टोचा. पाणी दाबून काढा आणि वरची कातडी तशीच राहू द्या. ती काढली की खालचं मांस उघडं पडतं आणि जखम चिघळते. जांघा काचत असतील तर सकाळी निघण्याआधीच व्हॅसलीन लावा, काचल्यावर नव्हे.

पाणी. पिण्यासाठी हातपंप किंवा उकळलेलं पाणी. काठावर सगळे नदीचं पाणी पितात म्हणून आपल्या पोटाला ते सोसेलच असं नाही. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरमध्ये विरघळवा, अर्ध्या तांब्यात नाही. ते दिवसभर घोटघोट घ्या आणि त्या दिवशी चालणं बंद.

कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात तिन्हीकडे चालतो. मोठ्या उपचारांसाठी दक्षिण तटाच्या बाजूला बडवानी, राजपीपळा, अंकलेश्वर, नरसिंगपूर, नर्मदापुरम, खंडवा आणि उत्तरेला भरूच, बडवाह, जबलपूर आहेत. जीवावर बेतलं तर तट न पाहता जवळचं रुग्णालय गाठा.

सावधान, स्नान: धरणांच्या खालच्या पट्ट्यात पाणी कधीही वाढतं. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की थोड्या वेळात घाटाच्या पायऱ्या बुडतात. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यात धाराजीला असंच वरून सोडलेलं पाणी आलं आणि मेळ्यासाठी जमलेले ६० हून अधिक यात्रेकरू वाहून गेले. काठाच्या वाळूत कधीही झोपू नका. स्नान गुडघाभर पाण्यात, तांब्याने. खडकावरची शेवाळी आधी काठीने चाचपा. मगरी नर्मदेत आहेत, म्हणून संध्याकाळी एकांतातल्या डोहात उतरू नका.

## टप्पा ८: शूलपाणी की प्रकाशा

दक्षिण तटावर बडवानीच्या राजघाटापुढे दोन वाटा फुटतात. एक सातपुड्याच्या डोंगरातून, भादल, धडगाव, माथासर करत गुजरातेत गोऱ्याला उतरते. ही शूलपाणीची झाडी. दुसरी खेतिया, शहादा, तापीकाठचं प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा करत राजपीपळ्याला जाते. दोन्ही वाटांवर आपण नंदुरबार जिल्ह्यातून जातो. परिक्रमेतला महाराष्ट्र तेवढाच.

पूर्वी शूलपाणीत परिक्रमावासी लुटले जात. आता तिथले आदिवासी बांधवच मुक्काम आणि जेवण देतात, आश्रमही झाले आहेत. आज खरी अडचण तीव्र चढउतार, लांब अंतरं आणि फोनला नसलेली रेंज ही आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका, राजघाटावर तीन-चार जणांची सोबत जुळवा. तिथे एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या, दोन दिवसांचं कोरडं खाणं सोबत ठेवा आणि घरी ‘आठवडाभर फोन लागणार नाही’ असं कळवून मगच निघा. डोंगरात पायवाटा सतत फुटतात. फाट्यावर माणूस भेटेपर्यंत थांबावं. अंदाजाने उतरलेली वाट बहुतेक वेळा जलाशयाच्या पाण्याशी संपते आणि तेवढाच चढ परत चढावा लागतो.

गुडघेदुखी, दमा किंवा हृदयविकार असेल तर प्रकाशाचा मार्ग घ्या. तो लांब आहे, डांबरी आहे, नदी दिसत नाही, पण परिक्रमा त्यानेही पूर्णच मानली जाते.

## टप्पा ९: खाडी ओलांडणं

अंकलेश्वर, हांसोट करत विमलेश्वर-कठपोर परिसरात आलात की दक्षिण तट संपतो. इथून नावेने समुद्रातून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं. अमरकंटकचा उगम सोडला, तर नदी न ओलांडता तट बदलायची ही एकच जागा आहे, कारण इथे आपण नदीच्या मुखाबाहेरून जातो.

खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला किनारा दूरवर चिखल होतो आणि नाव हलूच शकत नाही. म्हणून नाव भरतीला सुटते, मग ती दुपार असो की मध्यरात्र. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘काल सकाळी नऊला सुटली होती’ ही माहिती आज उपयोगाची नसते. पोहोचल्याबरोबर नावनोंदणी करा, आधारची झेरॉक्स द्या, आजची वेळ विचारा आणि मग आसन लावा. डिसेंबर-जानेवारीत गर्दी असते. एक-दोन दिवस थांबावं लागेल हे धरूनच चाला.

नावेत बसायच्या चार तास आधी हलकं खा. उलटीची गोळी लागत असेल तर अर्धा-एक तास आधी घ्या. बूट काढून पिशवीत बांधा, कारण चढता-उतरता चिखल गुडघ्यापर्यंत येतो. स्वेटर, कानटोपी आणि प्लास्टिक हाताशी ठेवा. प्रवास काही तासांचा आहे आणि रात्रीचा समुद्रवारा अंगात शिरतो. जीवरक्षक जाकीट मागून घ्या. संगमाच्या जागी कुपीतलं थोडं जल अर्पण करून सागराचं जल भरतात. ते नावाड्याने सांगितल्यावर आणि बसूनच करा. सगळे एका बाजूला झुकले की नाव कलते.

सावधान: नाव क्षमतेपेक्षा जास्त भरलेली वाटली तर पुढच्या भरतीला जा. एक दिवस गेला तर काही बिघडत नाही.

## टप्पा १०: उत्तर तट, आणि चुकून नदी ओलांडायच्या जागा

आता तोंड पूर्वेला. मोबाइलचा नकाशा इथे सगळ्यात जास्त घात करतो. बडवाहहून नेमावर असा लांबचा मार्ग विचारला, तर त्याला परिक्रमा ठाऊक नसते. तो जवळची वाट म्हणून बडवाहजवळच्या मोरटक्क्याच्या पुलावरून दक्षिण तटावर नेतो आणि हंडियाच्या पुलावरून परत आणू शकतो. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतलं, त्याच तटावरचं गाव टाकूनच मार्ग विचारा आणि निघण्याआधी निळी रेघ नर्मदेवरून जात नाही ना ते बोटाने तपासा. खलघाट, नर्मदापुरम-बुधनी, जबलपूरचा तिलवारा घाट इथेही हेच.

दुसरा धोका पर्यटनस्थळांचा. खालच्या जागा सुंदर आहेत, पण संकल्पात असताना तिथे जाता येत नाही:

- शुक्लतीर्थाजवळचा कबीरवड: तो नदीतल्या बेटावर आहे.
- स्टॅच्यू ऑफ युनिटी: साधू बेटावर, पूल ओलांडून जावं लागतं. दोन्ही तटांवरून लांबूनच पाहायचा.
- महेश्वरचं बाणेश्वर मंदिर: प्रवाहाच्या मध्यावर. घाटावरून दर्शन घ्या.
- भेडाघाटचा रोप-वे: धुवांधारच्या वरून थेट पलीकडच्या तटावर नेतो. धबधबा आपल्या काठावरूनच पाहा. संगमरवरी कड्यांमधली नौकाविहारही टाळावी.

या जागा मनापासून पाहायच्या असतील तर परिक्रमेनंतर दोन-चार दिवस वेगळे काढा.

बडवाह सोडल्यावर जयंती माता, पिपरी करत नेमावरपर्यंत जंगलाचा पट्टा आहे. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर जलाशयांमुळे वाट काठापासून आत गेली आहे. इथेही शूलपाणीचेच नियम: सोबत, कोरडं खाणं, उजेडात मुक्काम. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती येते. त्या दोन-तीन दिवसांत मोठे घाट टाळून लहान गावात आसन लावा.

## टप्पा ११: अमरकंटकचा वळसा आणि परतीचा दक्षिण तट

अमरकंटकला वळण घेताना घाईत चूक होते. उगमकुंडाच्या मंदिरापाशी पोहोचलं की काम झालं असं वाटतं आणि माणूस तिथूनच दक्षिणेला वळतो. परिक्रमावासी कुंडाच्या पुढे, माई की बगियाला वळसा घालून दक्षिण तटावर येतात. स्थानिक पुजाऱ्यांना विचारूनच वळा. इथेही पूजा, कढई करून कुपीतल्या जलात उगमाचं जल मिसळतात. दोन दिवस थांबा, बुटांचा तळ पाहा, स्वेटर घरी पाठवून द्या.

पुढचा टप्पा ओळखीचा वाटायला लागतो आणि तिथेच ढिलाई येते. ऊन वाढलेलं असतं. पहाटे उजेड फुटताच निघून दहापर्यंत पंधरा किलोमीटर उरका, दोन लिटर पाणी ठेवा, दुपारी चारपर्यंत सावली सोडू नका. बांद्राभानला तवा ओलांडताना, आणि प्रत्येक उपनदीपाशी, आधी काठीने खोली पाहा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पूल किंवा नाव शोधा. सॅकचा कमरेचा पट्टा पाण्यात उतरण्याआधी सोडा, म्हणजे तोल गेला तर ओझं टाकता येतं. हरद्याच्या पुढे इंदिरा सागरचा फुगवटा काठाची वाट तोडतो. तिथून छनेरा, खंडव्याच्या बाजूने आतून ओंकारेश्वरला यावं लागतं.

ओंकारेश्वरला पोहोचल्यावर जिथे संकल्प केला त्याच घाटावर पूर्तीची पूजा, कन्याभोजन, आणि मग बेटावर जाऊन कुपीतलं जल ओंकारेश्वराला अर्पण. प्रमाणपत्रावर शेवटचा शिक्का घ्या. परतीचं तिकीट आता काढा, तेही दोन दिवसांनंतरचं. घरी गेल्यावर पहिला महिना रोज पाच-सहा किलोमीटर चालत राहा. एकदम थांबलं की टाचा आणि पोटऱ्या आखडतात.